लिफ्ट फक्त पेशंटसाठी

चार मजले मी एका दमात चढलो, तेही दोन-दोन पायऱ्या एकदम, आणि त्याला कारण एक पाटी. नोकरीच्या मेडिकलसाठी परळच्या ज्या सरकारी दवाखान्यात मला बोलावलं होतं, तिथे तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला लिहिलेलं होतं : 'लिफ्ट फक्त पेशंटसाठी'. आता मी काही पेशंट नव्हतो. उलट मी पेशंट नाही, हेच तर मला वर जाऊन सिद्ध करायचं होतं. चोविसाव्या वर्षी माणसाला तर्कशास्त्र फार चांगलं येतं. बस दिसेना म्हणून लालबागहून मी आधीच झपाझप चालत आलो होतो, त्यात हे चार मजले. वर पोचलो तेव्हा "नाव?" असं विचारणाऱ्याला मी माझं नाव आणि आडनाव दोन वेगवेगळ्या श्वासांत सांगितलं. खिशावर 'कांबळे' अशी पट्टी लावलेल्या त्या कंपाउंडरने वर न बघता खुर्ची दाखवली, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, कानात नळ्या घातल्या आणि रबरी फुगा दाबायला घेतला. पारा चढला, पारा उतरला. त्यांनी तो परत चढवला, परत उतरवला. मग कागदावर एकशे साठ, खाली रेघ, रेघेखाली शंभर असं लिहून कागद पलीकडच्या टेबलावरच्या डॉक्टरांकडे सरकवला.

"या वयात?" डॉक्टर म्हणाले.

"साहेब, जिने चढून आलो."

"इथे सगळेच जिने चढून येतात. पुढच्या बुधवारी या. आम्ही तीनदा बघतो. तिसऱ्यांदाही वर आलं, तर मला अनफिट लिहावं लागेल."

म्हणजे परीक्षा पास, मुलाखत पास, आणि आता मी नापास होणार होतो तो दंडात. माझ्या मागे वेटिंग लिस्टवर कोणीतरी होतं, आणि त्या अनोळखी माणसाचा दंड नक्की माझ्यापेक्षा शांत असणार, अशी माझी तिथल्या तिथे खात्री पटली. नोकरी स्टोअर्समधल्या कारकुनाची होती, म्हणजे दुसऱ्यांच्या खिळ्यांची आणि झाडूंची नोंद ठेवायची. पण बाबांच्या गिरणीच्या फाटकाला कुलूप लागून दोन वर्षं होत आली होती, आई साड्यांना फॉल-बिडिंग करत होती, आणि महिन्याच्या एका ठरावीक दिवशी पगार नावाची वस्तू घरात यायची असते हे आम्ही विसरत चाललो होतो. बाबा तर घराबाहेर पडणंही विसरत चालले होते. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, कामावर निघाल्यासारखे गॅलरीत येऊन बसत. आणि तिथेच बसत.

आमच्या घराबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या घरात आवाज नव्हता. लालबागची चाळ, खालच्या गल्लीत मसाला कुटायचे डंक सुरू झाले की मांडणीवरची भांडी थरथरायची, मिरची भाजली की अख्खा मजला एकदम शिंकायचा, समोरच्या बिऱ्हाडात रेडिओ, बाजूच्या बिऱ्हाडात तावडेकाकी, आणि या सगळ्याच्या मधोमध आमची एक खोली शांत. नवीन माणसाला वाटे, यांच्यात भांडण झालंय. बाबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर. एका खात्यात शेकडो माग एकदम खडखडायला लागले की तिथे बोलून उपयोग नसतो. शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त गरम वारा लागतो. म्हणून साचेवाले ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, ओठ मात्र नीट, मोठे हलवायचे, आणि जोडीला हात. मिशीला पीळ म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, येतोय, अंगठा ओठांना म्हणजे चहा, दोन बोटं कपाळावर आडवी म्हणजे अमक्याचं लग्न ठरलं. पंधरा मागांपलीकडच्या माणसाशी बाबा गावच्या जमिनीच्या केसवर अर्धा तास बोलू शकत. या धंद्यात त्यांचे कान निम्मे गेले, आणि मग ती भाषा आपोआप घरात आली. आई शिकली, मी चालायच्या आधी शिकलो असेन. आई गॅलरीतून आणि बाबा खाली पानवाल्यापाशी उभे, असा त्यांचा संसाराचा बराचसा व्यवहार एकही शब्द न उच्चारता चाले. भांडणंही. त्यांचं भांडण म्हणजे दोन माणसं एकमेकांकडे रोखून बघत भराभरा ओठ हलवताहेत. त्यात जिंकायचा एक सोपा उपाय होता : तोंड फिरवायचं. समोरच्याला दिसलंच नाही, की तो काय बोलणार? आई हा उपाय फार वापरत असे.

तर त्या पहिल्या बुधवारी मी परत आलो आणि रस्त्यावरूनच, गॅलरीत वाट बघत उभ्या असलेल्या आईला ओठांनी सगळं सांगून टाकलं. गुप्त गोष्ट गुप्त भाषेत सांगितली याचं मला समाधान होतं. पण आईच्या शेजारी तावडेकाकी उभी होती, आणि तावडेकाकीला ओठ वाचता येत नसत म्हणून तिने आईला विचारलं, "काय म्हणतो गो तो?" आणि आईने ते तिला मोठ्याने सांगितलं. आई मुळात मालवणकडची, तिचा आवाज एरवी वापरात नसल्यामुळे अगदी नवा कोरा होता.

"ह्येका प्रेशर आसा म्हणतत."

मी जिना चढून वर येईपर्यंत तीन मजल्यांना माहीत झालं होतं. खोलीत पोचलो तर आई म्हणाली, "मेल्या, जिने कित्याक चढलंस? लिफ्ट व्हती मां?" मी पाटीचं सांगितलं. ती बाबांकडे वळली आणि ओठांनी म्हणाली, हा तुमच्यावर गेलाय. बाबांनी तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात चाळीने मला बरं करायचं मनावर घेतलं. तावडेकाकी पहाटे लसणीच्या दोन पाकळ्या घेऊन दारात उभी. तिच्यासमोर चावून गिळल्याशिवाय हलत नसे. तळमजल्यावरून शेवग्याचा पाला आला. कोणी दुधीचा रस पाठवला. तो हिरवा रस पिताना मला जे काही वाटलं, त्याने चांगल्या माणसाचंही प्रेशर वाढावं. मीठ तर पहिल्याच दिवशी बंद झालं. आई अळणी आमटी, अळणी भाजी, आणि सगळ्यांत मोठा अन्याय म्हणजे अळणी सोलकढी करायला लागली. सुकट, सुके बोंबील, लोणच्याची बरणी, सगळं वरच्या फळीवर गेलं. आईने स्वतःपुरतं मीठ वेगळं ठेवलं होतं, ते मला दिसत होतं. बाबा मात्र माझ्याच टोपातलं जेवत. एक शब्द न बोलता, म्हणजे खरंच एक शब्द न बोलता, अळणी आमटीत भात कालवत. मला वाटे, बाप सोबत देतोय. मी त्यांना ओठांनी म्हटलं, तुम्ही कशाला? ते म्हणाले, तुझ्या आईला दोन टोपं घासायला नकोत.

पण उपायांपेक्षा वाईट होता तो प्रश्न. नळावर गेलो, "प्रेशर किती?" दळण आणायला गेलो, "प्रेशर किती?" संडासाच्या रांगेत माझ्या पुढे उभा असलेला माणूस बादली उचलून बाजूला होई आणि मागच्यांना सांगे, "जाऊ दे रे त्याला, त्याला प्रेशर आहे." लोक हसत, मीही हसे. पण आत गेल्यावर मला माझ्याच कानात ठोके ऐकू येत. त्याआधी चोवीस वर्षं माझं हृदय कुठे आहे, काय करतं, मी कधी चौकशी केली नव्हती. आता ते दिवसभर माझ्याशी बोलायला लागलं. डोकं दुखे. रस्त्याने पांढरा शर्ट घातलेला कोणीही येताना दिसला की मी दंड पाठीमागे लपवी, मग तो जवळ आल्यावर आइस्क्रीमवाला निघे. हल्ली माझी मुलगी मला सांगते की डॉक्टर समोर आला की प्रेशर चढणं याला शास्त्रात नाव आहे, आणि ते नुसतं मनाचं नसतं, पारा खरोखर चढतो. असेल. आमच्या वेळी त्याला फक्त 'अनफिट' हे एकच नाव होतं. आणि एक कबूल करतो, माझ्यावर इतकं प्रेम करणारी माणसं आजूबाजूला नसती तर माझं प्रेशर तीन दिवसांत खाली आलं असतं.

दुसऱ्या बुधवारी मी शहाणपणा करून बसने गेलो, अर्धा तास आधी गेलो, आणि पाटीकडे न बघता लिफ्टमध्ये शिरलो. आत स्ट्रेचरवर एक आजोबा होते. त्यांनी डोळे उघडून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुला काय झालंय?" चौथ्या मजल्यावर कांबळ्यांनी त्याच कोऱ्या चेहऱ्याने पट्टा गुंडाळला. मी काचेच्या नळीतल्या पाऱ्याकडे अजिबात बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्याच्याकडेच बघत होतो. एकशे सहासष्ट, खाली एकशे चार.

"गेल्या वेळी जिने होते," डॉक्टर म्हणाले. "या वेळी काय?"

घरी आलो. या खेपेला रस्त्यावरून काही सांगितलं नाही. पण चाळीत तेवढंही पुरतं. दुसऱ्या दिवसापासून "प्रेशर किती?" बंद झालं, आणि ते चालू असण्यापेक्षा बंद होणं वाईट होतं. लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलायला लागले. तावडेकाकी लसूण दारात ठेवून जाऊ लागली. आई एका संध्याकाळी साडीला फॉल लावता लावता म्हणाली, "जीव मोठो की नोकरी मोठी? नाय तर नाय. आजवर खाल्लाव मां?" हे ती मोठ्या आवाजात म्हणाली, म्हणजे ते माझ्यासाठी होतं. मग तिने मान वळवली आणि बाबांना ओठांनी काहीतरी वेगळं म्हणाली. तिची पाठ माझ्याकडे होती, मला दिसलं नाही. पण बाबांचा चेहरा मला दिसत होता. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि या वेळी कोणीच तोंड फिरवलं नाही.

तिसऱ्या बुधवारी सकाळी मी निघालो तर बाबा दारात चपला घालून तयार. अंगात फेंटचा फुल शर्ट. फेंट म्हणजे गिरणीच्या दुकानात कामगारांना स्वस्तात मिळणारे उरलेसुरले तुकडे. हा तुकडा त्यांनी स्वतःच्या मागावर विणलेल्या ताक्याचा हुडकून आणला होता असं ते सांगत, आणि खरं-खोटं करायला आता गिरणीच उरली नव्हती. मी येतो, ते ओठांनी म्हणाले. मी म्हटलं, बाबा, लहान आहे का मी? तोवर त्यांनी तोंड फिरवून जिना उतरायला सुरुवात केली होती. दोन वर्षांत त्यांना इतक्या लांब जाताना मी बघितलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर आम्ही लिफ्टने गेलो. आत जाताना बाबांनी पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तपासणीच्या खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. कांबळ्यांनी बाबांना बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि दार लोटलं. बाबा बाकावर बसले नाहीत. काचेपलीकडे उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, जॉबर ताके तपासायला उभा राहतो तसे.

मी खुर्चीत बसलो. कांबळ्यांनी पट्टा गुंडाळला. कानात नळ्या घातल्या. फुगा दाबला. माझ्या कानातले ठोके इतके मोठे होते की ते त्यांना नळ्यांशिवायही ऐकू जात असतील. पाऱ्याकडे बघायचं नव्हतं म्हणून मी दाराकडे बघितलं. काचेतून बाबा ओठ हलवत होते, अगदी गंभीर चेहऱ्याने.

डॉक्टरच्या शर्टाकडे बघ.

मी डोळे फिरवले. डॉक्टर पलीकडच्या टेबलाशी उभे राहून कुठलीशी फाईल चाळत होते. शर्टाची बटणं एक घर चुकली होती. गळ्याशी एक काज मोकळं आणि खाली शर्टाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलं दोन बोटं लोंबत होतं. मी परत काचेकडे बघितलं.

पहिला धागा चुकला की अख्खा ताका वाकडा, बाबा म्हणाले. आमच्या खात्यात असता तर जॉबरने ताका याच्या तोंडावर मारला असता. आणि हा तुला अनफिट म्हणणार?

मी ओठ घट्ट आवळून धरले. साच्यांच्या खात्यात हाच तर मुख्य उद्योग असे : जॉबर समोर उभा आहे, आणि त्याच्या पाठीमागून दोघे-तिघे गंभीर चेहऱ्याने त्याच्या धोतरापासून त्याच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्याचा उद्धार करताहेत. गिरणीबाहेर ही भाषा कोणाला येत नाही, हा बाबांचा पक्का समज. त्यामुळे ते निर्धास्त होते. डॉक्टरांच्या बायकोने सकाळी त्यांना आरशासमोरून का हाकललं असेल, याबद्दल त्यांनी आपला एक अंदाज सांगायला घेतला. आणि तेवढ्यात माझ्या अगदी जवळून, हातातला फुगा न सोडता, कानातल्या नळ्या न काढता, कांबळ्यांनी काचेकडे तोंड वळवलं, आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. ओठ नीट, मोठे, शिस्तीत.

सकाळपासून बघतोय, काका. सांगायचं कोणी?

बाबांचा चेहरा मी माझ्या लग्नातही तसा बघितला नाही. बोलता बोलता माग बंद पडावा तसे त्यांचे ओठ उघडेच राहिले. मग त्यांनी हात छातीशी नेला आणि विचारलं, कुठला तू?

घोडपदेव, कांबळे म्हणाले. बाप साच्यावर होता.

मला हसू आवरलं नाही. पोटातून आलं, पट्ट्यासकट खुर्ची हलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून आलेलं ते हसू दोन आठवड्यांचं तुंबलेलं होतं, त्यामुळे थांबायचं नाव घेईना. डॉक्टर फाईल ठेवून आले.

"काय चाललंय? कांबळे?"

कांबळे परत कोरे झाले होते. "रीडिंग घेतोय, सर. हलला पेशंट. परत घ्यावं लागेल."

"गोळी वगैरे घेऊन आलात का?" डॉक्टरांनी मला विचारलं. त्यांनी कांबळ्यांच्या कानातल्या नळ्या मागून घेतल्या आणि स्वतः माझ्यासमोर बसले. शर्ट आता माझ्या नाकापासून हातभर अंतरावर होता. "हसायला काय झालं?"

इथे खोटं बोलायचं तर बोलता आलं असतं. पण माझा दंड त्यांच्या हातात होता, आणि खोटं बोललं की काय होतं ते पारा लगेच दाखवेल, असं मला वाटलं. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या शर्टाची बटणं एक घर चुकलीत."

गेली नोकरी, मी मनात म्हटलं, आणि गंमत अशी की म्हटल्यावर बरं वाटलं. डॉक्टरांनी खाली बघितलं. मग कांबळ्यांकडे बघितलं. कांबळे भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याचा अभ्यास करत होते. डॉक्टर उठले, भिंतीकडे तोंड करून सगळी बटणं काढली, परत लावली, येऊन बसले.

"मी सकाळपासून सत्तर माणसांसमोर असा बसलोय. तुम्हाला कधी दिसलं?"

"मला नाही, बाबांना दिसलं."

"ते तर दाराबाहेर आहेत."

"ते विणकर आहेत, साहेब."

डॉक्टरांनी काचेकडे बघितलं. बाबांनी दोन्ही हात जोडून अगदी सज्जन नमस्कार केला. डॉक्टरांच्या मानेचा ताठा कुठेतरी सुटला. त्यांनी नळ्या कानात घातल्या आणि फुगा दाबला. मी या वेळी पाऱ्याकडे बघितलं. एकशे अठ्ठावीस, खाली चौऱ्याऐंशी. त्यांनी पाच मिनिटं थांबून परत घेतलं. दोन आकडे इकडेतिकडे. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, "पुढच्या उमेदवारांच्या वडिलांनाही बोलवत जा, कांबळे."

फॉर्मवर शिक्का दुसऱ्या मजल्यावर मिळायचा होता आणि तिथला माणूस जागेवर नव्हता. मी शिक्का घेऊन परत येईपर्यंत तासभर गेला. बाकावर बाबा नव्हते. आतल्या छोट्या खोलीतून ते आणि कांबळे बाहेर आले. बाबांच्या फुल शर्टाची डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली होती. बाबा बाही कधी दुमडत नसत, म्हणून माझ्या लक्षात आलं. मी ओठांनी विचारलं, बाही? ते म्हणाले, चहा सांडला. कांबळे आम्हाला सोडायला लिफ्टपर्यंत आले, स्वतः दार ओढून धरलं. मी आता फिट होतो, शिक्क्यासकट, आणि अंगात मस्ती आली होती. म्हटलं, "कांबळेकाका, आता आम्ही पेशंट नाही, जिन्याने जातो." कांबळे म्हणाले, "बसा हो मुकाट्याने." बाबा आधीच आत जाऊन उभे होते.

त्या संध्याकाळी वरच्या फळीवरून सगळं खाली आलं. आईने बांगड्याचं तिखलं केलं, मीठ घातलेली सोलकढी केली, आणि तावडेकाकीने लसणीचं श्रेय घेतलं. ताटं वाढली तेव्हा बाबांनी आईच्या मिठाच्या हाताला अडवलं. माझं अळणीच राहू दे, सवय झाली आता, ते म्हणाले. आई चिडली. दोन आठवडे अळणी रांधून तिचा जीव विटला होता, आणि आता हा माणूस हौसेने मागत होता. तिने बराच वेळ भराभरा ओठ हलवले, त्यांनी तोंड फिरवलं. पुढे जन्मभर ते अळणी जेवले. आम्ही त्यांच्या विक्षिप्तपणाची चेष्टा करायचो, लग्नकार्यात त्यांचं पान वेगळं वाढायचो. आणखी एक सवय लागली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळ करून, भांग पाडून, ते चालत घोडपदेवला कांबळ्यांकडे जात. कशाला? तर गप्पा मारायला. साच्यावरच्या माणसाचा मुलगा, ओठांनी बोलणारा, दुसरीकडे कुठे मिळणार? गॅलरीतलं ते रोजचं बसणं त्यानंतर सुटलं. मला वाटे, माझ्या नोकरीने बाप माणसांत आला, आणि ही गोष्ट मी अनेक वर्षं अनेक लोकांना थोडी फुगवून सांगत आलो.

नोकरी लागली, खिळ्यांची नोंद करता करता मी बढत्याही घेतल्या, लग्न झालं. मेधा दादरची, सगळे शब्द नीट उच्चारणाऱ्या घरातली. आमच्या मुक्या घरात ती आठ दिवस घाबरून होती. मग सहा महिन्यांत तिने ओठ वाचायला शिकून घेतले, आणि आईची पाठ वळली की सासरे-सुनेच्या ज्या गप्पा चालत, त्या मला कधी पूर्ण कळल्या नाहीत. बाबा ऐंशी ओलांडून गेले. त्यांच्यामागे आई. चाळीच्या जागी टॉवर झाला, आम्ही सतराव्या मजल्यावर आलो. इथे लिफ्टवर पाटी नाही, कोणीही बसतं, आणि आत सगळे फोनकडे बघतात. माझं प्रेशर आता खरोखरचं आहे, रोज सकाळी गोळी असते, आणि कपाटात एक मशीन आहे. दंडाला आपला आपणच पट्टा लावायचा, बटण दाबायचं. किती, असं विचारणारं कोणी नसल्यामुळे मी तो आकडा स्वतःलाच मोठ्याने सांगतो.

हे प्रकरण लिहून झाल्यावर काल दुपारी मी मेधाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. बटणांपाशी ती हसली, विणकर आहेत साहेब यापाशी थांबली, आणि शेवटी म्हणाली, "छान लिहिलंय. फक्त तो चहा सांडला नव्हता."

"म्हणजे?"

"कांबळ्यांनी त्यांचं प्रेशर बघितलं. काचेतून बघूनच त्यांना शंका आली होती म्हणे, चेहरा लाल झालेला होता. तुमच्या पहिल्या दोन्ही वेळांपेक्षा वर निघालं. म्हणून तर लिफ्ट. महिन्याच्या त्या रविवारी ते तपासून घ्यायला जायचे. कांबळे रिटायर झाल्यावर त्यांच्या गोळ्या मी आणायचे, पिठाच्या डब्यामागे ठेवायचे."

मी म्हटलं, "इतकी वर्षं? मला एका शब्दाने सांगितलं नाही कोणी."

मेधाने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे तोंड केलं, आणि बाबांनी तिला जसं सांगितलं होतं तसं, आवाज न काढता, ओठ नीट मोठे हलवत म्हणाली :

त्याला सांगू नको. त्याचं वाढेल.